सआदत हसन मंटो

सआदत हसन मंटो हे उर्दूतील श्रेष्ठ कथाकार होत. त्यांचा जन्म ११ मे १९१२ रोजी पंजाबातील समराळा येथे झाला. मुंबईत पत्रकारिता व चित्रपटलेखन केल्यानंतर १९४१ मध्ये ते दिल्लीस ‘ऑल इंडिया रेडिओ’त रुजू झाले. तेथे सुमारे दीड वर्ष त्यांनी श्रुतिका लिहिल्या.

‘काली शलवार’ या त्यांच्या कथेची पार्श्वभूमी दिल्लीच आहे. देहविक्रय करून जगणारी सुलताना अंबाल्याहून या शहरात येते. येथे तिची कमाई थांबते. सोन्याची कांकणेही विकावी लागतात. इंजिनाने ढकलून सोडून दिलेला रेल्वेचा एकाकी डबा तिला आपल्याच आयुष्यासारखा वाटतो. मोहरमसाठी काळी सलवार मिळावी, एवढीच तिची इच्छा असते. मंटो देहाचे वर्णन रंगवीत नाहीत. त्या देहातील माणसाचे दुःख दाखवतात. तरीही या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. पुढेही त्यांना अशा खटल्यांना तोंड द्यावे लागले. परंतु त्यांनी आपली लेखणी बदलली नाही.

फाळणीनंतर, १९४८ मध्ये, ते लाहोरला गेले. ‘टोबा टेकसिंह’ या कथेतील मनोरुग्ण बिशनसिंग पंधरा वर्षे उभाच असतो. त्याचे पाय सुजलेले असतात. आपले गाव नेमके कोणत्या देशात गेले, हे त्याला कळत नाही. अखेर दोन्ही देशांच्या सीमांमधील जमिनीवर तो कोसळतो. फाळणीचा घाव मंटोंनी असा एका शरीरावर दाखवला.

मद्यपानाने त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळली. १८ जानेवारी १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी, लाहोर येथे त्यांचे निधन झाले.