विश्लेषण : प्राणायामाने खरेच जास्त ऑक्सिजन मिळतो? योग प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद कोण होते?

जून उजाडला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरतो : रोज प्राणायाम करा, शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळेल. बीड जिल्ह्यातल्या तेलगावात तो येतो, तसाच पुण्या-मुंबईतही येतो. २१ जूनला शाळेच्या पटांगणात मुले ओळीने बसून श्वास आत-बाहेर करतात, तेव्हाही बहुतेकांच्या मनात हेच कारण असते.

हा दावा मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. तो यंत्र लावून तपासण्याचे काम १९३०च्या आसपास लोणावळ्यात झाले. तपासणारा माणूस योगाचा विरोधक नव्हता, स्वतः योगी होता. उत्तर प्रचाराला सोयीचे आले नाही, तरी त्याने ते आपल्याच नियतकालिकात छापले. त्याचे नाव जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद.

गुणे मास्तर ते स्वामी

जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी, बडोद्याजवळच्या डभोई गावी. घरची परिस्थिती बेताची होती, शिक्षण दुसऱ्यांच्या मदतीवर झाले. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे बडोदा कॉलेजात प्रवेश झाला. अरविंद घोष त्या काळात तिथे शिकवत होते. टिळकांच्या राजकारणाचाही प्रभाव होता. देशकार्यासाठी गुणे यांनी लग्न न करण्याचे ठरवले.

बडोद्यात त्यांना पहिले खरे गुरू भेटले ते राजरत्न माणिकराव. जुम्मादादा व्यायामशाळेचे हे प्रमुख तालीम शिकवत आणि निखळलेली हाडेही बसवत. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुणे त्यांच्याकडे शिकले. योगाच्या इतिहासात या तीन वर्षांकडे सहसा दुर्लक्ष होते, पण पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ती महत्त्वाची आहेत. गुणे योगाकडे आले ते आखाड्यातून. शरीर कसे वाकते, कुठे ताण येतो, दम कधी लागतो हे त्यांना पोथीआधी अंगाने माहीत होते.

पुढे ते खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. इंग्रज सरकारची वक्रदृष्टी वळली आणि ते महाविद्यालय बंद पडले. दरम्यान १९१९मध्ये नर्मदेकाठी मालसर येथे परमहंस माधवदास यांच्याशी त्यांची गाठ पडली. आसने, बंध, क्रिया, प्राणायाम यांचे शिक्षण त्यांच्याकडे झाले.

इथे एखादा शिष्य गुरूने सांगितलेले जपत बसला असता. गुणे यांना मात्र प्रश्न पडला : हे सगळे शरीरात नेमके घडते कसे?

एक्स-रेखाली काय दिसले?

१९२०-२१मध्ये बडोद्याच्या एका रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना एक्स-रे यंत्रासमोर उभे केले आणि उड्डियान बंध व नौली करायला सांगितले. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत खेचतात. नौलीत पोटाचे मधले स्नायू दोरासारखे उभे करून फिरवतात.

हठयोगातली बस्ती ही क्रिया त्यांच्या डोक्यात होती. पाण्यात बसून, पंप न वापरता गुदमार्गाने पाणी आत ओढून घ्यायचे आणि आतडे धुऊन काढायचे. जुन्या ग्रंथांत तिचे वर्णन आहे. पण पाणी वर चढते कशामुळे? गुणे यांनी पाऱ्याचे दाबमापक जोडून मोठ्या आतड्यातला दाब मोजला. नौली करताना तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरत होता. दाब कमी झाला की पाणी आपोआप आत येणार. स्ट्रॉने उसाचा रस वर येतो, तसेच. या निर्वात स्थितीला त्यांनी गुरूंचे नाव दिले : माधवदास व्हॅक्यूम.

यात चमत्कार उरला नाही, पण क्रिया खोटीही ठरली नाही. ती खरी होती आणि तिचे कारण भौतिकशास्त्रात सापडले.

कैवल्यधामची सुरुवात

१९२४च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले. त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक निघाले. त्याची मांडणी आजही कुतूहल वाढवते. एका भागात प्रयोगांचे अहवाल, आकडे, एक्स-रेची छायाचित्रे, तर दुसऱ्या भागात सामान्य वाचकाला घरी करता येतील अशी आसने. सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन करताना रक्तदाब किती बदलतो, याच्या नोंदी त्यात आल्या. शीर्षासन कोणी करू नये हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. कान वाहणारे, हृदय अशक्त असणारे, रक्तदाबाचा त्रास असणारे यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आजच्या व्हिडिओंत ही ओळ अनेकदा गळते.

१९२७मध्ये महात्मा गांधींचा रक्तदाब वाढून ते आजारी पडले, तेव्हा आसनांविषयी त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार केला आणि काही काळ त्यांचा सल्लाही पाळून पाहिला.

मग ऑक्सिजनचे काय?

दीर्घ श्वास म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन : ऐकायला हे पटते. कुवलयानंदांनी प्राणायाम करणाऱ्यांच्या श्वासातल्या वायूंचे प्रमाण तपासले. सावकाश आणि श्वास रोखून केलेल्या प्राणायामात तेवढ्याच वेळात घेतला जाणारा ऑक्सिजन नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त भरला नाही, उलट कमी भरला.

कारण सोपे आहे. प्राणायामात मिनिटाला होणाऱ्या श्वासांची संख्या खूप घटते. शिवाय निरोगी माणसाच्या धमन्यांतल्या रक्तात हिमोग्लोबिन मुळातच ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते. करोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर हाच आकडा दिसायचा. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार?

म्हणून प्राणायाम निरुपयोगी, असे त्यांनी म्हटले नाही. त्याचा फायदा दुसरीकडे शोधायला हवा, असे त्यांचे मत झाले : श्वसनाच्या स्नायूंना मिळणाऱ्या शिस्तीत, मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात, उरलेल्या दिवसभराच्या श्वसनात. यातल्या प्रत्येक गोष्टीचा पुरावा त्यांच्याकडे तितकाच पक्का होता, असे नाही. काही ठिकाणी त्यांचे अनुमान पुराव्याच्या पुढे धावलेले दिसते. त्यांचे प्रयोगही मोजक्या, तयार साधकांवर झालेले. प्राणायाम करणारा एक गट आणि न करणारा दुसरा, अशी आजची तुलना त्यांत नाही.

वादही होता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्यात राहून योग शिकले. त्यांनी केलेल्या मोजणीत उज्जायीसारख्या प्रकारांत ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसला. त्यांचे पुस्तक १९३७मध्ये आले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांवर आपटतात असे वाटते, पण प्रकार, गती, श्वास रोखण्याचा काळ बदलला की आकडा बदलतो. जोर लावून श्वास घेतला तर ते स्नायूच जास्त ऑक्सिजन खर्च करतात. वापर वाढला म्हणजे शरीरात साठा वाढला, असा अर्थ होत नाही.

शाळेच्या तासापर्यंत योग कसा पोहोचला?

कुवलयानंदांचे हे काम सर्वांत कमी माहीत आहे, आणि कदाचित सर्वांत दूरवर पोहोचलेले आहे. आसने एकट्याने, शांतपणे करायची. शाळेत मात्र समोर पन्नास-साठ मुले आणि एक शिक्षक. हा पेच सोडवायला त्यांनी १९३६मध्ये यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक लिहिले आणि आसने समूहाने, हुकमावर करता येतील अशी बसवली. माणिकरावांच्या तालमीतली शिस्त इथे कामी आली. शुद्ध योग मानणाऱ्यांना हे कवायतीसारखे वाटेल, आणि ते तसे होतेही. पण त्याशिवाय योग वर्गात शिरला नसता.

१९३७मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे ते अध्यक्ष झाले. प्रशिक्षित शिक्षकच नसतील तर अभ्यासक्रम कागदावरच राहणार, हे उघड होते. १९३८मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षण शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पीटीचे सर नावाची व्यक्ती शाळेच्या हजेरीपटावर येण्यामागे अशा संस्था आहेत.

तेलगाव मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई सरकारच्या समितीचा शब्द तिथे चालत नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आले, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि त्यानंतरच इथल्या शाळा त्या व्यवस्थेचा भाग झाल्या. नगर जिल्ह्यातल्या शाळेपेक्षा बीडच्या शाळेला शारीरिक शिक्षणाची ही घडी जवळजवळ दोन दशके उशिरा मिळाली. नकाशावर सीमा लागून होती, तरीही.

शेवटची वर्षे

मुंबईत चौपाटीजवळ १९३६मध्ये कैवल्यधामचे आरोग्य केंद्र उभे राहिले होते. १९५०च्या सुमारास लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय निघाले आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला योगोपचारांचे रुग्णालय. जुन्या हठयोग ग्रंथांची हस्तलिखिते ताडून शुद्ध प्रती काढण्याचे काम प्रयोगशाळेच्या शेजारीच चालू असे. संस्कृतची शिष्यवृत्ती मिळवणारा मुलगा त्यांच्यात शेवटपर्यंत जागा होता.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. योगमीमांसा आजही निघते. तिच्यात आता मेंदूच्या लहरी, संप्रेरके, मधुमेह, झोप यांवरचे अभ्यास असतात आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्यांचे रीतसर गट पाडले जातात. नौलीवेळचा पोटाचा तो जुना एक्स-रे मात्र योगसंशोधनाच्या इतिहासावरच्या पुस्तकांत अजूनही भेटतो.