दोंरेमी गावची जोन

मे महिना आपण पवित्र मरियेच्या नावाने पाळतो. या महिन्याच्या शेवटाला, ३० मे रोजी, संत जोन ऑफ आर्क हिचा स्मरणदिन येतो. तिच्या चरित्रात मे महिना पुन्हा पुन्हा डोकावतो. तिचा मोठा विजय मे महिन्यातला, ती शत्रूच्या हाती सापडली मे महिन्यात, तिला जाळले मे महिन्यात आणि संतपद मिळाले तेही मे महिन्यातच. म्हणून या रविवारी तिची कहाणी सांगावी असे आम्हांला वाटले.

जोनचा जन्म १४१२च्या सुमाराचा. फ्रान्सच्या पूर्वेला म्यूज नदीकाठी दोंरेमी नावाचे छोटे गाव आहे, तेथील शेतकरी जाक द आर्क आणि इझाबेल यांची ही मुलगी. घरी तिला जानेत म्हणत. शाळा तिने पाहिली नाही. आमच्या बापा, नमो मरिया आणि विश्वासांगिकार या प्रार्थना आईनेच शिकविल्या. सूत कातणे, शिवण, शेतातली कामे यांत ती तरबेज होती. गावच्या चर्चचा घंटावाला कधी संध्याकाळची घंटा वाजवायला विसरला, तर ही पोर त्याला रागे भरायची आणि नीट वाजवशील तर तुला काहीतरी भेट देईन असेही कबूल करायची. ही आठवण त्या घंटावाल्यानेच म्हातारपणी साक्षीत सांगितली आहे.

त्या काळी फ्रान्सची अवस्था वाईट होती. इंग्लंडबरोबरचे युद्ध नव्वद वर्षे रेंगाळले होते. १४२०च्या ट्रॉयच्या तहात वेड्या झालेल्या फ्रेंच राजाने आपल्याच मुलाचा, चार्ल्सचा, वारसाहक्क काढून इंग्लंडच्या राजाला दिला होता. दोन वर्षांनी दोन्ही राजे वारले आणि इंग्लंडच्या तान्ह्या राजाच्या नावाने बेडफर्डचा ड्यूक उत्तर फ्रान्सवर कारभार करू लागला. बर्गंडीचा बलाढ्य ड्यूक त्याला सामील होता. सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र लूट आणि जाळपोळ आली. १४२८ साली दोंरेमीच्या लोकांना गुरेढोरे घेऊन शेजारच्या गावी पळावे लागले, त्यांत जोनचे घरही होते.

अशा वेळी लोकांच्या तोंडी भाकिते फिरतात. एका स्त्रीमुळे बुडालेले राज्य लोरेनच्या सीमेवरची एक कुमारी पुन्हा उभे करील, असे त्या भागात म्हणत. दुसरे भाकीत जुन्या दंतकथांतल्या मर्लिन जादूगाराच्या नावावर खपत असे. ओकच्या एका रानाजवळून एक मुलगी येईल व मोठी कामे करील, असे ते होते. आणि जोनच्या घराच्या दारातून ओकचे रान दिसत असे! पहिल्या भाकिताची आठवण तिने स्वतः काही जणांना करून दिली होती. मर्लिनच्या गोष्टीवर मात्र आपला विश्वास नाही, असे तिने पुढे न्यायालयात स्पष्ट सांगितले. आम्हांला तिचे हे वेगळेपण फार महत्त्वाचे वाटते. दंतकथेतली नायिका होण्याची संधी तिच्याकडे चालून आली होती आणि तिने ती नाकारली.

तिचा भरवसा होता तो तिला ऐकू येणाऱ्या वाणीवर. साधारण तेराव्या वर्षी, उन्हाळ्यातल्या एका दुपारी वडिलांच्या बागेत तिने ती प्रथम ऐकली आणि ती फार घाबरली. देवदूत संत मिखाएल, संत कॅथरिन आणि संत मार्गारेट आपल्याशी बोलतात, असे ती सांगे. सुरुवातीला वाणीने एवढेच सांगितले की, शहाण्या मुलीसारखी वाग, चर्चला जात जा. राजाच्या मदतीला जाण्याची आज्ञा पुढची. इकडे तिच्या वडिलांना स्वप्न पडले की आपली मुलगी शिपायांबरोबर निघून चालली आहे. ते इतके हादरले की, असे घडण्याआधी तिला नदीत बुडवा, नाहीतर मी बुडवीन, असे मुलांना म्हणाले. मुलगी शिपायांबरोबर जाते याचा त्या काळी एकच अर्थ होता. बापाचे काय चुकले?

व्होकुलरच्या किल्लेदाराने पहिल्या खेपेला, १४२८ साली, तिला थोबाडीत देऊन घरी पोहोचवा असे तिच्या नातेवाइकाला फर्मावले. ती पुन्हा गेली. अखेर फेब्रुवारी १४२९ मध्ये केस कापून, पुरुषी पोशाख घालून, सहा जणांच्या सोबतीने तिने शत्रूच्या मुलखातून अकरा दिवसांचा प्रवास केला आणि शिनाँच्या किल्ल्यात चार्ल्सला गाठले. बालमैत्रीण ओव्हिएत हिला ती निरोप न देताच गेली. ती बिचारी खूप रडली.

चार्ल्सने तिच्यावर एकदम विश्वास टाकला नाही. प्वातिये येथे धर्मपंडितांनी सुमारे तीन आठवडे तिची चौकशी केली व तिच्यात वाईट काही नाही असा निर्वाळा दिला. मग तिला चिलखत मिळाले आणि येशू व मरिया ही नावे लिहिलेला ध्वज मिळाला. तलवारीपेक्षा हा ध्वज तिला कितीतरी प्रिय होता. लढाईत तो हाती धरला की कोणाला मारण्याची वेळ येत नाही, असे ती म्हणे. आपण एकाही माणसाचा जीव घेतला नाही, असे तिने न्यायालयात सांगितले आहे. तिने शिपायांना शिव्याशाप बंद करायला लावले आणि पापनिवेदनाला पाठवले.

ऑर्लिन्स शहराला इंग्रजांचा वेढा ऑक्टोबर १४२८ पासून पडला होता. २९ एप्रिल १४२९ रोजी ती शहरात शिरली. ७ मे रोजी पुलाजवळच्या बुरुजावर चढाई करताना मान आणि खांदा यांच्यामध्ये तिला बाण लागला. ती रडली, जखम बांधून घेतली आणि संध्याकाळी पुन्हा ध्वज घेऊन पुढे झाली. बुरुज पडला. तिला अर्वाच्य शिव्या देणारा इंग्रज सरदार नदीत बुडून मेला तेव्हा ती त्याच्या आत्म्यासाठी रडली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, इंग्रज वेढा उठवून निघाले. रविवार असल्याने तिने त्यांचा पाठलाग करू दिला नाही. सात महिने जे जमले नव्हते ते नऊ दिवसांत झाले. ऑर्लिन्समध्ये ८ मेचा सण अजूनही होतो. १८ जूनला पाते येथे आणखी एक विजय मिळाला आणि १७ जुलै रोजी रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. जोन ध्वज घेऊन जवळ उभी होती. तिचे वडीलही रीम्सला आले होते.

आमच्या मते तिची कसोटी येथून सुरू होते. मुकुट मिळाल्यावर राजाला लढाईपेक्षा वाटाघाटी बऱ्या वाटू लागल्या. ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणादिवशी, पॅरिसवरचा हल्ला फसला आणि जोनच्या मांडीत बाण घुसला. २३ मे १४३० रोजी काँपियेन येथे मागे हटताना वेशीचा पूल वर ओढला गेला, ती बाहेरच राहिली आणि बर्गंडीच्या लोकांनी तिला पकडले. त्यांनी तिला दहा हजार फ्रँकना इंग्रजांना विकले. ज्याच्या डोक्यावर तिने मुकुट चढवला त्या चार्ल्सने तिला सोडवण्यासाठी ठोस असे काहीच केले नाही. इतिहासकार त्याच्या बाजूने कारणे देतात. आम्हांला ती पटत नाहीत.

पुढचे सांगायला जड जाते, कारण ते आपल्याच माणसांचे आहे. रुआन येथे तिच्यावर धर्मन्यायालयात खटला चालला. मुख्य न्यायाधीश पिएर कोशाँ हे बोव्हेचे बिशप होते, फ्रेंच होते आणि इंग्रजांच्या पदरी होते. सोबतीला डझनावारी धर्मगुरू व पंडित. धर्मसभेच्या तुरुंगात स्त्रियांच्या देखरेखीखाली ठेवायचे सोडून तिला किल्ल्यात, बेड्या घालून, इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात ठेवले. तिला वकील नव्हता. आपले प्रकरण पोपमहोदयांकडे न्या, ही तिची विनंती धुडकावली गेली. एकदा तिला विचारले की, तू देवाच्या कृपेत आहेस काय? होय म्हणावे तर गर्व, नाही म्हणावे तर गुन्ह्याची कबुली. तिने उत्तर दिले की, नसेन तर देवाने मला कृपेत घ्यावे, असेन तर त्यात राखावे. अक्षरओळख नसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचे हे उत्तर आज कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात आहे.

२४ मे १४३१ रोजी चिता दाखवून तिच्याकडून माघारीच्या कागदावर खूण करून घेतली. ती घाबरली होती, ते आपण लपवू नये. चार दिवसांत तिने पुन्हा पुरुषी कपडे घातले आणि सांगितले की, आगीच्या भीतीने मी वाणीशी बेइमानी केली. ३० मे रोजी सकाळी तिला पवित्र कम्युनियन देण्यात आले आणि त्यानंतर जुन्या बाजारात नेण्यात आले. तिने क्रूस मागितला. एका इंग्रज शिपायाने लाकडाच्या दोन काड्या जोडून दिल्या, तो तिने उराशी धरला. जवळच्या चर्चमधला क्रूस आणून एका धर्मबंधूने तो तिच्या डोळ्यांसमोर उंच धरला. येशूचे नाव घेत ती गेली. तिची राख सेन नदीत टाकली.

ऑर्लिन्स शहर मात्र तिला विसरले नाही. तिच्या विधवा आईला त्यांनी आपल्याकडे ठेवून निवृत्तिवेतन दिले. ७ नोव्हेंबर १४५५ रोजी ही वृद्ध इझाबेल पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये पोप तिसरे कॅलिक्स्टस यांच्या प्रतिनिधींसमोर रडत उभी राहिली आणि तिने मुलीसाठी न्याय मागितला. शंभरावर साक्षी झाल्या. दोंरेमीचे शेतकरी आले, ओव्हिएत आली, जुने शिपाई आले, खटला लिहून घेणारा कारकून आला. ७ जुलै १४५६ रोजी रुआनमध्येच जुना निकाल कपटाचा व रद्दबातल ठरला. कोशाँ चौदा वर्षांपूर्वीच वारले होते.

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १६ मे १९२० रोजी जोनला संत म्हणून जाहीर केले. त्याआधी, लिझ्युच्या मठात आपल्या परिचयाच्या संत तेरेजाने तिच्यावर दोन नाटुकली लिहून स्वतः जोनची भूमिका केली होती. त्या वेषातले तिचे छायाचित्र उपलब्ध आहे.

राज्याभिषेकानंतर चार्ल्सने जोनच्या विनंतीवरून दोंरेमी आणि शेजारचे ग्रो या दोन गावांचा कर माफ केला होता. ती माफी राज्यक्रांतीपर्यंत टिकली. तोवर कराच्या वहीत या गावांपुढे रक्कम लिहीत नसत. कुमारीसाठी काही नाही, अशी नोंद असे. आई इझाबेल निकालानंतर दोन वर्षांनी, १४५८ साली, देवाघरी गेली.