के. एस. कृष्णन : चुंबकाच्या साहाय्याने रेणूंची ठेवण शोधणारे शास्त्रज्ञ

कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवलेली डांबराची गोळी काही महिन्यांत आपोआप नाहीशी होते, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. ही गोळी परंपरेने नॅफ्थलीन या पदार्थाची असते. ती विरते तेव्हा नॅफ्थलीनचा रेणू मोडत नाही. तो सबंधच्या सबंध हवेत निघून जातो. रेणूच्या आतील कार्बनचे अणू परस्परांशी भक्कम बांधलेले असतात, परंतु एका रेणूला शेजारच्या रेणूशी धरून ठेवणारे बल अतिशय क्षीण असते. अशा पदार्थांच्या स्फटिकात रेणू नेमके कसे बसलेले असतात, याचा शोध एक चुंबक आणि एक बारीक धागा यांच्या आधारे घेणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव करियामाणिक्कम श्रीनिवास कृष्णन. सर्वसामान्य वाचकाला ते केवळ सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे सहकारी म्हणून ठाऊक असतात. ही ओळख खरी असली, तरी अपुरी आहे.

कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी तामिळनाडूतील श्रीविल्लिपुत्तुरजवळच्या वत्रप या गावी झाला. वडील शेती करणारे, पण तमिळ व संस्कृतचे चांगले जाणकार होते. भाषेची ही आवड मुलाकडेही आली. पुढे कृष्णन यांनी विज्ञानविषयक लेखन तमिळमध्येही केले. मदुराईचे अमेरिकन कॉलेज आणि नंतर मद्रास ख्रिश्चन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. ख्रिश्चन कॉलेजात ते काही काळ रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक-शिक्षक होते. दुपारच्या सुटीत ते विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करीत, आणि या अनौपचारिक बैठकींना इतर महाविद्यालयांतील मुलेही येऊन बसत.

१९२० मध्ये रामन यांच्या ओढीने त्यांनी कोलकाता गाठले. मद्रासकडून येणाऱ्या गाड्यांचे शेवटचे स्थानक हावडा. तेथून शहरात जाण्यासाठी हुगळी ओलांडावी लागे, आणि त्या काळी नदीवर होता तो १८७४ चा तरंगता पूल. आज हावडा म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहणारा पोलादी पूल फेब्रुवारी १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत कृष्णन यांचे कोलकात्यातील वास्तव्य संपलेले होते.

१९२३ मध्ये ते बहूबाजार मार्गावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत संशोधन साहाय्यक झाले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीच्या बळावर उभारलेली ही संस्था. साधने बेताची, पण वातावरण मोकळे होते. द्रवातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करता करता कृष्णन यांचे लक्ष रेणूच्या आकाराकडे वळले. चेंडूसारखा गोल रेणू आणि ताटासारखा चपटा रेणू प्रकाशाला व चुंबकाला सारखाच प्रतिसाद देणार नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली.

फेब्रुवारी १९२८ मध्ये रामन यांनी त्यांना सैद्धांतिक कामातून पुन्हा प्रयोगाकडे आणले. सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या आणि अनेक द्रवपदार्थ घेऊन दोघांनी पाहिले की, विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज वेगळ्या रंगाचा अंशही येतो. ‘नेचर’ नियतकालिकात ३१ मार्च १९२८ रोजी प्रसिद्ध झालेल्या टिपणावर रामन आणि कृष्णन या दोघांच्या सह्या होत्या. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. कृष्णन यांच्या वाट्याला किती श्रेय यायला हवे होते, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. मात्र स्वतः कृष्णन यांनी या वादाला खतपाणी घातले नाही. त्यांचे मन तोवर दुसऱ्याच प्रश्नात गुंतले होते.

हा प्रश्न त्यांनी ढाका येथे हाती घेतला. १९२८ च्या अखेरीस ते ढाका विद्यापीठात रीडर म्हणून रुजू झाले. बेंझिन, नॅफ्थलीन, अँथ्रासीन यांसारख्या पदार्थांना चुंबक किंचित दूर लोटतो. परंतु हा विरोध सर्व दिशांनी सारखा नसतो. कार्बनच्या सपाट कड्याला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तर तो सर्वाधिक असतो. कारण कड्यातील काही इलेक्ट्रॉन एका अणूचे न राहता संपूर्ण कड्याभोवती फिरू शकतात. आता असा स्फटिक क्वार्ट्झच्या केसासारख्या धाग्याला टांगून चुंबकीय क्षेत्रात सोडला, तर तो वळतो आणि ज्या स्थितीत विरोध कमीत कमी, त्या स्थितीत स्थिरावतो. त्याला किती जोराने वळावेसे वाटते, हे मोजले की आतील कडी कोणत्या कोनात कलली आहेत, याचे गणित मांडता येते.

बी. सी. गुहा आणि एस. बॅनर्जी यांच्यासह केलेले हे संशोधन १९३३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले. त्याच सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्यानेही या स्फटिकांची रचना उलगडत होती. कोलकात्यात केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३० मध्ये, आणि ब्रिटनमध्ये जे. एम. रॉबर्टसन यांनी १९३३ मध्ये हे काम पुढे नेले. क्ष-किरणांची पद्धत तेव्हा अतिशय वेळखाऊ होती. चुंबकाच्या मोजमापाने कड्यांचा कल आधी समजला, तर तिची वाट सोपी होई. दोन अगदी भिन्न मार्गांनी निघालेली उत्तरे जुळली, तेव्हा धाग्याला टांगलेल्या स्फटिकाची साक्ष जगाने मान्य केली.

१९३३ मध्ये रामन बंगळूरला गेले आणि कृष्णन कोलकात्याला परतून संस्थेचे महेंद्रलाल सरकार प्राध्यापक झाले. पुढील नऊ वर्षे हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ म्हणावा लागेल. ग्राफाइटवरील त्यांचे काम विशेष महत्त्वाचे. ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर एकावर एक रचलेले असतात. थरातील बंध बळकट, तर थराथरांमधील दुवा कमकुवत. थरांना काटकोनात आणि थरांच्या दिशेने मोजलेल्या चुंबकीय विरोधात सुमारे ४० पटींचा फरक असतो, तर वीज थरांच्या दिशेने कितीतरी सहज वाहते. एकाच पदार्थात बंधांची अशी दोन टोके एकत्र नांदतात, हे कृष्णन आणि गांगुली यांच्या मोजमापांतून आकड्यांनिशी पुढे आले. १९४० मध्ये कृष्णन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या संशोधनाचे मोल आज एका वेगळ्याच क्षेत्रात जाणवते, ते म्हणजे उच्च दाबाचा अभ्यास. कृष्णन यांनी स्वतः स्फटिकांवर प्रचंड दाब देण्याचे प्रयोग केले नाहीत. ते काम त्याच काळात अमेरिकेत पर्सी ब्रिजमन करीत होते, आणि त्याबद्दल त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु रेणूंच्या स्फटिकावर दाब वाढवला की जे घडते, त्याचा अर्थ लावण्यासाठी कृष्णन यांचाच प्रश्न आधी विचारावा लागतो : रेणू बसले आहेत कसे, आणि त्यांना धरले आहे कशाने?

साधारण तापमानाला द्रव असणारे बेंझिन सुमारे ७०० वातावरणांच्या दाबाखाली गोठते. दाब आणखी वाढवला, तर प्रथम आकसते ती रेणूंमधील मोकळी जागा, कारण तेथील बल क्षीण असते. कार्बन-कार्बन बंधांची लांबी जवळपास तशीच राहते, पण कडी एकमेकांजवळ सरकतात, त्यांचा कल बदलतो आणि एका टप्प्यावर सारी मांडणीच नवी होते. त्याही पलीकडे गेल्यास शेजारी रेणूंचे इलेक्ट्रॉन परस्परांत शिरू लागतात. मग रेणूच्या आतील आणि बाहेरील बंध हा भेदच उरत नाही. कडी तुटून एकमेकांना जोडली जातात. सुमारे २ लाख वातावरणांचा दाब देऊन तो सावकाश उतरवला असता बेंझिनपासून कार्बनचे अतिसूक्ष्म, बळकट धागे तयार होतात, असे अमेरिकन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

असे प्रयोग दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये कणभर पदार्थ चिरडून करतात. हिरा पारदर्शक असल्याने आत प्रकाशझोत सोडता येतो, आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशात शोधला जातो तो रामन परिणाम! सबंध रेणूंच्या मंद हेलकाव्यांच्या रेषा दाबाबरोबर झपाट्याने सरकतात, तर अंतर्गत बंधांच्या कंपनांच्या रेषा थोड्याच हलतात. कोणता बंध कधी बदलला, हे या रेषांवरून कळते. बहूबाजारातील प्रयोगशाळेत १९२८ मध्ये दिसलेला तो प्रकाश आणि त्यानंतर मोजलेला कड्यांचा कल, अशा कृष्णन यांच्या दोन्ही कामांची गाठ येथे पडते. महाराष्ट्रात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही उच्च दाबाखालील पदार्थांचा अभ्यास दीर्घकाळ होत आला आहे.

१९४२ मध्ये कृष्णन अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. १९४६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालकपद त्यांच्याकडे आले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगावर डॉ. होमी भाभा आणि डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्यासमवेत त्यांची नियुक्ती झाली. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले, आणि पुढे भटनागर यांच्या नावाच्या पारितोषिकाचे ते पहिले मानकरी ठरले. समित्या आणि फायली यांच्या गराड्यातही त्यांनी संशोधन सोडले नाही. तापलेल्या पदार्थांतून इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात, या प्रश्नावर ते तरुण सहकाऱ्यांसह काम करीत राहिले, आणि त्यातही ग्राफाइटचा स्फटिक त्यांच्या सोबतीला होताच. जून १९६१ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले.