डॉ. होमी भाभा

सोलापुरातील एखाद्या रुग्णालयात क्ष-किरणांनी छायाचित्र काढताना तंत्रज्ञ अंगात जड झगा घालतो, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्या झग्यात शिसे असते. डोळ्यांना न दिसणारे हे किरण शरीरातून आरपार जातात व फार झाल्यास पेशींना इजा करतात. परंतु शिशापुढे त्यांचा जोर चालत नाही. असे भेदक किरण पदार्थातून कसे जातात, ह्याचा शोध घेण्यात डॉ. होमी भाभा ह्यांनी आपले तारुण्य वेचले.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. मुलाने केंब्रिजला जाऊन अभियंता व्हावे व जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा. होमींचा ओढा भौतिकशास्त्राकडे. अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास हवे ते शिकण्याची मुभा वडिलांनी दिली आणि १९३० साली मुलाने ती अट पुरी केली. चित्रकला व संगीत ह्यांचेही त्यांस वेड होते. पण तो विषय वेगळा.

१९३७ साली त्यांनी हाइटलर ह्या शास्त्रज्ञासह विश्वकिरणांचे एक कोडे सोडविले. एकच वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशकण फेकतो; त्या कणापासून दोन नवे कण जन्मतात, त्यांपासून आणखी. अशी कणांची सरच कोसळते. मात्र प्रत्येक पायरीस ऊर्जा वाटली जाते व अखेर सर ओसरते. शिशासारख्या जड अणूंच्या पदार्थात ती थोड्याच अंतरात ओसरते.

१९३९ साली ते सुटीसाठी घरी आले, तोच महायुद्ध पेटले. ते येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. पुढे मुंबईजवळ तुर्भे येथे त्यांच्या नेतृत्वाखाली ४ ऑगस्ट १९५६ रोजी भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. पंडित नेहरूंनी तिचे नाव 'अप्सरा' ठेविले.

येथे केवळ शिसे पुरेसे नव्हते. भट्टीतून गॅमा किरणांबरोबर न्यूट्रॉनही निघतात व ते शिशातून सहज निसटतात. त्यांस हायड्रोजनचे हलके अणूच मंद करतात. म्हणून भट्टीचा गाभा सुमारे ८ मीटर खोल कुंडात, पाण्याखाली ठेविला. त्या पाण्याने गाभा थंड राही, आणि काठावरून वाकून पाहणाऱ्याचे रक्षणही तेच करी. खाली निळसर प्रकाश दिसे. आज शास्त्रज्ञ हायड्रोजनयुक्त प्लॅस्टिकात बिस्मथसारख्या जड धातूच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी मिसळून पाहतात, ती हीच दोन्ही कामे एका हलक्या पदार्थाकडून करवून घेण्यासाठी. शिवाय शिसे विषारी, हेही एक कारण आहेच.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नास जात असता भाभांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. त्या वेळी ते ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले. अप्सरा २००९ पर्यंत चालू होती.