जीपच्या सौद्याने गाजलेले संरक्षणमंत्री : व्ही. के. कृष्ण मेनन

अहिल्यानगर : नगरच्या व्हीआरडीईत लष्कराच्या गाड्या ट्रॅकवर पळवून तपासल्या जातात. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला संरक्षण घोटाळा नेमका तपासणीशिवाय घेतलेल्या गाड्यांचाच होता. त्यात नाव आलं ते व्ही. के. कृष्ण मेनन यांचं.

मेनन मूळचे केरळचे. जन्म ३ मे १८९६, कालिकत. १९२४ ला लंडनला गेले ते तिथेच रमले. इंडिया लीगमधून स्वातंत्र्याचा प्रचार केला. चहावर दिवस काढणारा, कुणाशी पटवून न घेणारा माणूस, पण नेहरूंचा पक्का दोस्त. नेहरू नगरच्या किल्ल्यात कैदेत होते तेव्हा मेनन लंडनमध्ये त्यांची बाजू मांडत होते. १९४७ ला ते तिथेच भारताचे उच्चायुक्त झाले.

१९४८ ला काश्मीरात लढाई पेटलेली. सैन्याला जीपा हव्या होत्या, त्याही तातडीने. मेनन यांनी नेहमीची सरकारी पद्धत बाजूला ठेवली आणि एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाखांचा करार केला. माल होता दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा. बरीचशी रक्कम आगाऊ गेली. गावात जुना ट्रॅक्टर घेतानाही माणूस आधी सुरू करून बघतो, मगच इसार देतो. इथं उलटं झालं. मद्रास बंदरात उतरल्या फक्त १५५ जीपा, आणि त्याही लष्कराच्या कामाच्या निघाल्या नाहीत.

संसदेत गदारोळ झाला, चौकशी समितीही बसली. मेनन यांनी स्वतः पैसे खाल्ल्याचं सिद्ध झालं नाही. पण घाई होती म्हणून तपासणी सोडायची का, याचं उत्तरही कुणी दिलं नाही. ३० सप्टेंबर १९५५ ला गृहमंत्री पंतांनी प्रकरण बंद केलं. चारच महिन्यांत मेनन केंद्रात मंत्री झाले!

१९५७ ला मुंबईकरांनी त्यांना लोकसभेत पाठवलं, संरक्षण खातंही मिळालं. परदेशातून विकत आणण्यापेक्षा इथंच बनवा, हा त्यांचा आग्रह. व्हीआरडीई आज ज्या डीआरडीओत आहे, ती संस्था १९५८ ला त्यांच्याच काळात उभी राहिली. पण १९६२ ला चीनसमोर सैन्य कमी पडलं, मेनन यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले.

१९६७ ला काँग्रेसने तिकीट कापलं. अपक्ष उभे राहिले, मुंबईत पडले. पुढं बंगाल आणि केरळातून पुन्हा लोकसभेत गेले. ६ ऑक्टोबर १९७४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.