दिवाळं निघालेल्या दुकानदाराची गोष्ट

सेकंड इयरला माझे चार विषय राहिले. त्यात एम-थ्री दुसऱ्यांदा! निकाल लागला त्या दिवशी होस्टेलच्या रूमचं दार लावून घेतलं, ते पुढचे आठ-दहा दिवस जेमतेम मेसपुरतं उघडायचो. नंतर मेसही सुटली. घर इंदापूर तालुक्यात, म्हणजे एस.टी.ने फार लांब नाही; पण घरी दाखवायला तोंड नव्हतं. आईचा फोन आला की अभ्यास चाललाय म्हणून सांगायचं आणि पुन्हा पांघरूण डोक्यावर.

अशातच बारामतीला तुकाराम महाराजांची पालखी आली. रूममेटने अक्षरशः ओढत नेलं. शारदा प्रांगणाच्या बाजूला आमच्या होस्टेलची पोरं वारकऱ्यांचे पाय चेपून देत होती. मीही एका आजोबांसमोर बसलो. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा. तेल लावताना त्यांनी विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. त्यांना ते पटलं नसावं. पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला, आणि उठताना वर मलाच हात जोडले. लाडूही मला आणि नमस्कारही मलाच! हिशेब काही जुळेना.

दुसऱ्या दिवशी पालखी काटेवाडीकडे गेली आणि मी लायब्ररीत. ज्यांची पालखी, त्यांची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचली.

मित्रांनो, आपल्या डोक्यातले तुकोबा म्हणजे चिपळ्या-वीणा घेतलेले, कॅलेंडरवरचे. मला भेटले ते एकवीस-बावीस वर्षांचे, म्हणजे आपल्या टी.ई.-बी.ई.च्या पोराएवढे. जन्मसालाबद्दल मतभेद आहेत, पण बहुतेक जण १६०८ धरतात. देहूचं खातंपितं कुणबी घर, गावची महाजनकी, दुकान, सावकारी. घराण्यात विठोबाचं देऊळ. वडील बोल्होबा, आई कनकाई. तुकोबांच्या सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. थोरल्या भावाची, सावजीची, बायको वारली आणि तो विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेला. सगळा प्रपंच या पोराच्या गळ्यात.

त्यात १६३० चा दुष्काळ. गुजरातपासून दख्खनपर्यंत दोन-तीन वर्षं माणसं अन्नावाचून मेली. तुकोबांची गुरं गेली, पैसा गेला, दुकानाचं दिवाळं वाजलं. दम्याने आजारी असलेली पहिली बायको रखमा अन्न अन्न करत गेली. मुलगा संतूही गेला. गावात पत उरली नाही. लाज वाटायला लागली, हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगात सांगून ठेवलंय. मला वाटायचं, चार विषयांची लाज फक्त मलाच आहे...

ते माणसं टाळून भामचंद्र, भंडारा अशा डोंगरांवर जाऊन बसायला लागले. आमच्या होस्टेलच्या भाषेत, दार लावून घेतलं.

पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. देव भेटला, दुःख संपलं, असं काही झालं नाही. त्यांनी साधी साधी कामं सुरू केली. मोडकळीला आलेलं घरचं देऊळ दुरुस्त केलं. संतांची वचनं पाठ केली. दुसरा कोणी कीर्तन करत असला की मागे उभं राहून ध्रुपद धरलं. लोकांच्या उपयोगी पडून शरीर दमवलं. लोकांकडून येणं असलेल्या कर्जखतांची वाटणी केली. निम्मी धाकट्या कान्होबाला दिली, आपली निम्मी इंद्रायणीत सोडली. (एज्युकेशन लोनवाल्यांनी फार आशा धरू नये!)

आणि मग कधीतरी तो अभंग आला, ज्यात हा माणूस देवाला म्हणतो की दिवाळं निघालं ते बरंच झालं, दुष्काळाने छळलं तेही बरं, गुरंढोरं, पैसा गेला, जगात अपमान झाला, सगळं बरं. दुकानदारच तो! वहीत नावे लिहिलेल्या एकेक रकमेवर बोट ठेवून ती जमेच्या बाजूला घेतोय. पण हे त्याने दुष्काळ चालू असताना म्हटलेलं नाही. बऱ्याच काळाने मागे वळून म्हटलंय. आणि त्याच गाथेत देवाशी कडाक्याची भांडणंही आहेत. आभार मानायचे म्हणजे रडायचं नाही, असं तुकोबांच्या घरी नव्हतं. आणखी एका ठिकाणी बायको-मूल गेलं तेही बरं झालं म्हणतात. तिथे मी पुस्तक मिटलं. ते मला आजही पचलेलं नाही.

त्या यादीत दुसरी बायको जिजाईही कजाग म्हणून येते. इथे मात्र मी जिजाईच्या बाजूने. डोंगर चढून नवऱ्याला भाकरी पोचवणारी तीच. १६५० साली तुकोबा गेले तेव्हा तिच्या पोटात नारायण होता, असं सांगतात. त्याच नारायणबाबांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. म्हणजे बारामतीत माझ्यापर्यंत जो लाडू पोचला, त्याची सुरुवात तिच्या भाकरीपासूनच धरायला हवी.

२००३ साली एमन्स आणि मॅकलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायला लावल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ही पोरं आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाली. मीही एम-थ्रीच्या रफ वहीत मागच्या पानापासून सुरुवात केली. पहिली नोंद लाडवाची. दुसरी रूममेटची. तिसरीला चार दिवस काही सुचलं नाही.

नुसत्या वहीने भागलं असंही नाही. पुढे डॉक्टरांकडे गेलो, सहा महिने गोळ्या घेतल्या. त्यांचंही नाव वहीत आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबरही आहे. रात्री दोन वाजतासुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पालखी इंदापुरात पोचली त्या दिवशी मी घरी गेलो. आईबरोबर रिंगण पाहिलं. अश्व धावून गेला, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, त्या गर्दीतच तिला चार विषयांचं सांगून टाकलं. टाळांच्या आवाजात तिला आधी ऐकूच आलं नाही, दोनदा सांगावं लागलं. घरी येईपर्यंत ती मला बोलत होती. मग भाकरी थापायला बसली.

– टी. ई. मेकॅनिकल