डॉक्टर आनंदीबाई जोशी

मनुष्याचें आयुष्य गवताच्या फुलासारखें अल्पकाळ टिकणारें आहे, हें आपण उपासनेच्या वेळीं वारंवार ऐकतों; परंतु तें मनांत धरून आपले दिवस सार्थकीं लावणारीं माणसें विरळाच. आपल्या वसईपासून फारशा दूर नसलेल्या कल्याणच्या जोशी घराण्यांतील एका मुलीनें हा धडा कोवळ्या वयांत घेतला. तिचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहें.

यमुनेचा जन्म 31 मार्च 1865 रोजीं झाला. नवव्या वर्षीं टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं विवाह होऊन ती आनंदीबाई झाली. गोपाळराव वयानें पुष्कळ मोठे व स्वभावानें तापट होते. परंतु पत्नीनें शिकावें हा त्यांचा ध्यास होता. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस पुत्र झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. पुरुष डॉक्टरास प्रकृति दाखविण्याच्या संकोचामुळें त्या काळीं कित्येक स्त्रिया औषधोपचारावांचून दगावत. स्त्रियांसाठीं स्त्री डॉक्टर हवी आणि ती आपणच व्हावें, असा निश्चय त्या पुत्रशोकांतून उपजला.

त्यांच्या शिक्षणाविषयींचें गोपाळरावांचें पत्र अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापून आलें. तें वाचून न्यू जर्सी प्रांतांतील कार्पेंटरबाईंनीं त्यांना आपल्या घरीं बोलाविलें. 1883 सालीं बंगालांतील श्रीरामपूर येथें भाषण करून, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें आनंदीबाईंनीं लोकांस सांगितलें. हा शब्द त्यांनीं पाळला. आणि त्यांच्या ख्रिस्ती मैत्रिणीचें प्रेम त्यामुळें तिळमात्रहि उणें झालें नाहीं.

त्याच वर्षीं त्या अमेरिकेस गेल्या. प्रकृति आधींच नाजूक, थंडी कडाक्याची. तरीहि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतील अभ्यास त्यांनीं सोडला नाहीं. 11 मार्च 1886 रोजीं त्यांना एम्. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूकहि झाली. परंतु क्षयानें जर्जर होऊन त्या मायदेशीं परतल्या, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वय बावीस वर्षांचेंहि नव्हतें. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली व ती न्यूयॉर्क प्रांतांतील त्यांच्या कौटुंबिक स्मशानभूमींत ठेवण्यांत आली.

कोल्हापूरच्या त्या जागेवर त्या एक दिवसहि रुजू झाल्या नाहींत. मग इतके श्रम वायां गेले काय? मुळींच नाहीं. त्यांच्या मागून डॉ. रखमाबाई विलायतेंत शिकून आल्या व सुरतेस त्यांनीं दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. ही वाट प्रथम आनंदीबाईंनीं चालून दाखविली होती.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेस अजून पुष्कळ अवकाश आहे असें म्हणून आजचा दिवस दवडण्याची संवय आपणां सर्वांस असते. दहा दिवसांच्या बाळाला निरोप दिलेल्या त्या मातेला काळाची किंमत कळली होती. आणि पालकहो, आपली कन्या शिकूं इच्छीत असेल, तर पुढच्या वर्षीं पाहूं, असें तिला सांगूं नका.